वर्ग एकची वारस

वकील म्हणून मी आयुष्यात एकच सल्ला पूर्णपणे स्वतःच्या जबाबदारीवर दिला, आणि तो चुकला. नुसता चुकला असता तर इतक्या वर्षांनी लिहायला बसले नसते. तो अतिशय आत्मविश्वासाने चुकला. शेजारच्या फुमिकोसान एका कागदावर साक्षीदार म्हणून माझी सही मागायला आल्या होत्या. मी सही केली नाही. उलट त्यांना बसवून, चहा पाजून, या कागदाची तुम्हाला गरजच नाही, असं पटवून दिलं आणि परत पाठवलं. तो कागद झाला असता तर फुमिकोसानना राहतं घर सोडावं लागलं नसतं.

हे जपानातल्या सेंदाईतलं, त्र्याण्णव सालचं. आमचे हे तिथल्या विद्यापीठात धातूंवर संशोधन करत होते आणि मी त्यांच्याबरोबर आलेली बायको होते. व्हिसावरही साधारण तसंच लिहिलं होतं. ते वाचून मला राग यायचा, कारण मी पुण्याची एलएल. बी. होते आणि दोन वर्षं एका ज्येष्ठ वकिलांच्या हाताखाली काम केलेलं होतं. काम म्हणजे त्यांच्या फायली कोर्टात नेणं आणि परत आणणं. एकदा प्रत्यक्ष न्यायाधीशांसमोर उभी राहून मी पुढची तारीख मागितली होती. ती मिळाली. तेवढ्या भांडवलावर मी सेंदाईत स्वतःला कायदेपंडित समजत असे.

आमचं आडनाव दाते, आणि त्या गावच्या जुन्या सरदार घराण्याचं आडनावही दातेच. वॉर्ड ऑफिसातला कारकून पहिल्यांदा माझं नाव वाचून खुर्चीतून अर्धा उठला होता. मग त्याने माझी साडी पाहिली आणि परत बसला. फुमिकोसाननी मात्र आडनाव ऐकून चेहऱ्यावरची रेषही हलवली नाही. "आमच्या गल्लीत पूर्वी एक दाते होते," त्या म्हणाल्या, "बाटल्या आणि डबे एकाच पिशवीत टाकायचे."

फुमिकोसान तेव्हा चोपन्न वर्षांच्या. बुटक्या, काटक, बाह्यांना इलॅस्टिक असलेला पांढरा अ‍ॅप्रन दिवसभर अंगावर. त्या गल्लीच्या कचऱ्याच्या पुढारी होत्या. म्हणजे तिथे कचरा जळणारा, न जळणारा, बाटल्यांचा, डब्यांचा असा वेगवेगळ्या वारी टाकायचा असतो, आणि कुणी चुकलं तर कुणाची पिशवी ते शोधून काढायचं काम यांच्याकडे. आमची ओळखच तशी झाली. एका सकाळी त्या माझीच पिशवी घेऊन दारात उभ्या. आत नारळाची करवंटी होती. टोकियोहून आलेल्या कुणीतरी तो नारळ आणला होता आणि मी तो जपून जपून वापरला होता. फुमिकोसाननी जमिनीवर वर्तमानपत्र पसरलं, त्यावर करवंटी ठेवली आणि आम्ही दोघी तिच्यासमोर बसलो.

"हे काय आहे?"

मी सांगितलं, फळ आहे. त्यांनी बोटाने वाजवून पाहिलं. फळ असं वाजत नाही, असं त्यांचं म्हणणं पडलं. मग त्यांनी माझ्याच फोनवरून महापालिकेच्या कचरा खात्याला फोन लावला, फोनसमोर दोनदा वाकून नमस्कार केला आणि करवंटीचं वर्णन केलं. पलीकडच्या माणसाने वरिष्ठांना विचारलं. आम्ही थांबलो. शेवटी निकाल आला, की हे लाकूड समजावं. फुमिकोसाननी वहीत नोंद केली आणि जाताना म्हणाल्या, "कुठलीही गोष्ट कुठल्या तरी वर्गात बसतेच. विचारावं लागतं, एवढंच."

त्यांचं पालुपद होतं 'इचिओ'. म्हणजे आपलं 'तूर्तास असू दे', 'असावं जवळ' याच्या मधलं काहीतरी. बाहेर ऊन असेल तरी छत्री घ्यायच्या, इचिओ. माझ्याकडे कोबीचं लोणचं घेऊन यायच्या तेव्हा म्हणायच्या, तुम्हाला आवडणार नाही, पण इचिओ. मला ते खरंच आवडलं नाही. पण आपल्यासारखंच तिथेही भांडं रिकामं परत द्यायचं नसतं, तेव्हा मी त्यात शिरा घालून द्यायची. तो त्यांना आवडत नसे. असा आमचा दोन वर्षं व्यवहार चालला आणि दोघींनीही कधी तोंडातून ब्र काढला नाही.

घरात त्या आणि त्यांचे सासरे, दोघंच. मूलबाळ नव्हतं. नवरा आम्ही तिथे जाण्याआधी तीन वर्षं वारला होता. धाकटे दीर ओसाकात, मोठ्या कंपनीत, ते वर्षातून दोनदा केकचा डबा घेऊन येत. सासरे शहाऐंशी वर्षांचे, निवृत्त स्टेशनमास्तर. त्यांना मी ओजीसान म्हणायची, म्हणजे आजोबा. कंबर गेलेली, कान गेलेले, पण आठ वाजून सात मिनिटांनी पेज आली नाही तर ते घड्याळाकडे बोट दाखवत. फुमिकोसान त्यांना उठवायच्या, पुसायच्या, मऊ पेज भरवायच्या, आणि भरवता भरवता वर्तमानपत्रातल्या मृत्यूच्या बातम्या मोठ्याने वाचायच्या. ओजीसानना बाकी बातम्यांत रस उरला नव्हता. आमच्या स्वयंपाकघराची खिडकी त्यांच्या खोलीसमोर, त्यामुळे मलाही रोज ऐकू यायचं.

"आज चौघं. तिघं तुमच्यापेक्षा लहान."

"चौथा?"

"चौथ्या बाई आहेत. एक्याण्णव."

"बायकांचं धरायचं नाही," ओजीसान म्हणायचे आणि पेजेसाठी तोंड उघडायचे.

तर तो कागद. ऑक्टोबरातली दुपार होती, त्यांच्या झाडाचे पर्सिमन पिकायला लागले होते. फुमिकोसान मागच्या दाराने आल्या आणि अ‍ॅप्रनच्या खिशातून एक कागद काढून टेबलावर ठेवला. चार घड्या घातलेला. उघडून घड्या घालून, उघडून घड्या घालून कागद फडक्यासारखा मऊ झाला होता. तो दत्तकाचा अर्ज होता. ओजीसानना सुनेला दत्तक घ्यायचं होतं. जपानात मोठ्या माणसालाही दत्तक घेता येतं, आणि त्यासाठी ना होम लागतो ना मांडीवर बसावं लागतं. फॉर्म भरायचा, दोघांचे नावाचे शिक्के (तिथे सहीऐवजी शिक्काच मारतात), दोन साक्षीदार, वॉर्ड ऑफिसात नेऊन द्यायचा, झालं. ओजीसाननी जूनमध्येच आपला शिक्का मारला होता, हात थरथरत असल्यामुळे जरा तिरका. एक साक्षीदार कोपऱ्यावरचा तांदूळवाला, त्याचाही शिक्का होता. राहिला होता फुमिकोसानचा स्वतःचा शिक्का आणि दुसरा साक्षीदार.

"परदेशी माणूस चालतो," त्या म्हणाल्या. "नुसती सही पुरते. मी विचारून आले."

जूनमधला शिक्का, ऑक्टोबर महिना आणि घड्यांनी झिजलेला कागद. यावरून काहीतरी माझ्या लक्षात यायला हवं होतं. पण साक्षीपुराव्याचा पेपर मला दोनदा द्यावा लागला होता.

मी विचारलं, हे कशासाठी? तर त्या म्हणाल्या, घर ओजीसानच्या नावावर आहे, ते म्हणतात ते गेल्यावर मी कुठे जाणार. मग त्यांनी विचारलं, "तुमच्या देशात सासरा वारला तर सुनेला काय मिळतं?"

एखाद्या कायदेपंडिताला असा प्रश्न विचारू नये. मी सुपरमार्केटचं जाहिरातीचं पत्रक घेतलं, ज्याच्या एका बाजूला ताज्या सानमा माशांचे फोटो होते, आणि दुसऱ्या बाजूला हिंदू उत्तराधिकार कायदा काढला. अगदी चौकटी आणि बाण. वर्ग एकचे वारस बारा. ते नसतील तर वर्ग दोन. तेही नसतील तर गोत्रज, मग भिन्नगोत्रज, आणि कुणीच नसेल तर सरकार. मला हे सगळं पाठ होतं, कारण एवढंच पाठ होतं. आणि त्या बारांत, मुलगा-मुलींच्या पंक्तीला, बापाआधी वारलेल्या मुलाची विधवा बसते. मी त्या चौकटीत 'फुमिको' असं लिहिलं आणि भोवती लाल पेनाने दोनदा गोल काढला.

"आणि इथे?" त्यांनी विचारलं.

आता इथे मला 'माहीत नाही' असं म्हणता आलं असतं. जपानी भाषेत ते सोपं आहे, पहिल्या धड्यातच येतं. पण मी म्हणाले, जपान तर आमच्या कितीतरी पुढे गेलेला देश, आमच्यात मिळतं ते तुमच्यात नाही असं कसं होईल?

"नक्की?"

"मी वकील आहे," मी म्हणाले.

एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. पण मला त्या दत्तकाचं हसू येत होतं. आमच्याकडे पंधरा वर्षांपर्यंतचं मूल लागतं, लग्न न झालेलं, असं मी त्यांना सांगितलं. (महाराष्ट्रात रूढीने मोठं आणि लग्न झालेलं माणूसही दत्तक जाऊ शकतं, हे मी विसरले होते. म्हणजे भारतातलासुद्धा कायदा मी त्या दिवशी अर्धाच बरोबर सांगितला.) आणि शिवाय, मी म्हणाले, तुम्ही त्यांची मुलगी झालात तर तुमच्या नवऱ्याच्या कोण झालात? बहीण. चोपन्नाव्या वर्षी नवऱ्याची बहीण व्हायचं, याला काय अर्थ आहे?

फुमिकोसान तोंडावर हात धरून हसल्या. पुष्कळ हसल्या. मग त्यांनी कागदाच्या चार घड्या घातल्या, माशांचं पत्रकही मागून घेतलं, "मग बरं झालं," म्हणाल्या, आणि घरी अर्धवट सोडलेला मुळा चिरायला गेल्या. थोड्याच वेळात खिडकीतून त्यांचा आवाज आला. ओजीसानच्या कानाशी बोलावं लागे, म्हणजे अख्ख्या गल्लीशी.

"दाते-सान म्हणतात, गरज नाही."

"आँ?"

"गरज नाही. वकील आहेत त्या."

मी त्या दिवशी यांना संध्याकाळी सांगितलं, की आज एक केस हाताळली.

जानेवारीत यांच्या प्रोफेसरांकडे नव्या वर्षाचं जेवण होतं. तिथे मी ही गोष्ट गंमत म्हणून सांगायला घेतली. प्रोफेसरांच्या पत्नी फार सौम्य बाई. त्यांनी मला सगळं सांगू दिलं, हसू दिलं, मग माझ्या ताटात एक भाजी वाढत म्हणाल्या, की इथे मात्र सून वारस नसते. नवरा किंवा बायको असते, मुलं असतात, मुलं नसतील तर आईबाप, तेही नसतील तर भावंडं. सून कुठेच नसते. दत्तक घेतलं किंवा मृत्युपत्र केलं तर गोष्ट वेगळी. "म्हणून तर लोक सुनांना दत्तक घेतात," त्या म्हणाल्या, आणि विचारलं, तिखट चाललं का?

दुसऱ्या दिवशी सकाळीच जाऊन सांगायचं मी ठरवलं. दुसऱ्या दिवशी बर्फ पडत होतं. तिसऱ्या दिवशी पडत नव्हतं, पण मला कपडे धुवायचे होते. चौथ्या दिवशी मी गेले तर घर बंद. ओजीसानना न्यूमोनिया झाला होता.

हॉस्पिटलात ते नळ्यांमध्ये झोपले होते आणि शेजारच्या स्टुलावर फुमिकोसान लोकरीचे पायमोजे विणत होत्या. मी त्यांना कॉरिडॉरमध्ये नेलं आणि सांगून टाकलं. माझं चुकलं, इथे सून कुठल्याच वर्गात नाही, घर तुमच्या दिरांचं होईल.

"हो का," त्या म्हणाल्या.

मी म्हणाले, त्यांचा शिक्का आहेच ना कागदावर. तुमचा मारा, मी आत्ता सही करते, वॉर्ड ऑफिस पाचला बंद होतं, टॅक्सीने जाऊ.

त्यांनी दारातून आत बघितलं. "आता नको. ते झोपलेत. माणूस झोपलेला असताना त्याची मुलगी कशी होऊ?" आणि परत जाऊन पायमोजा विणायला बसल्या. टाच चालू होती, ती मध्ये सोडता येत नाही म्हणे.

ओजीसान फेब्रुवारीत गेले. अंत्यविधी झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, आठ वाजून सात मिनिटांनी, समोरच्या खोलीतून मला नेहमीचा आवाज ऐकू आला. मी भांडं घासत होते, नळ बंद केला.

"आज पाच जण," फुमिकोसान रिकाम्या खोलीला मोठ्याने सांगत होत्या. "सगळ्यांत मोठे तुम्ही."

एकोणपन्नासाव्या दिवसाचे विधी झाल्यावर ओसाकाचे दीर कागदपत्रांसाठी थांबले. फुमिकोसाननी मला बोलावून घेतलं. चहाला मदत म्हणून, असं त्या म्हणाल्या. दीर वाईट माणूस नव्हता. असता तर मला बरं वाटलं असतं. तो खाली मान घालून बोलत होता. घर विकावं लागेल, आपली नोकरी तिकडे, मुलांच्या परीक्षा. वहिनींनी मेअखेरपर्यंत खुशाल राहावं. इतकं बोलून त्याने घाम पुसला. एप्रिलमध्ये सेंदाईत घाम येत नाही.

फुमिकोसाननी चहा ओतला. मग उठून कपाटातला सेनबेईचा, म्हणजे तांदळाच्या कुरकुरीत बिस्किटांचा, पत्र्याचा डबा आणला आणि त्यातून माझं माशांचं पत्रक काढून दिरासमोर पसरलं. तेव्हा मी किटलीमागे लपण्याचा प्रयत्न केला. किटली लहान होती.

"हे दाते-साननी काढलंय," त्या म्हणाल्या. "यात मी पहिल्या वर्गात आहे."

दिराने चष्मा लावला. तो माणूस कंपनीत कंत्राटं तपासायच्या खात्यात होता. त्याने प्रत्येक चौकट, प्रत्येक बाण नीट वाचला. भिन्नगोत्रजांपाशी थांबून मला एक शंकाही विचारली, तेव्हा मी त्याचा कप पुन्हा भरला. मग चष्मा काढून अत्यंत आदराने म्हणाला, "फार चांगला कायदा आहे. कुठला?"

"भारताचा."

"असं होय," तो म्हणाला आणि पत्रक दोन्ही हातांनी वहिनीला परत दिलं.

पुढे आणखी एक अडचण निघाली. देवघराची. घरातल्या पितरांच्या नावांच्या लाकडी पाट्या आणि त्यांचं कपाट हे तिथे इस्टेटीत मोजत नाहीत. जो त्यांचं करील त्याच्याकडे ते जातं. ओसाकाच्या फ्लॅटमध्ये जागा नव्हती, आणि जाऊबाईंना अगरबत्तीने शिंका येत. दिराने पुन्हा घाम पुसला. वहिनींनी जर पाट्या सांभाळल्या तर. म्हणजे घर त्याला आणि पूर्वज हिला. आमच्या बारांच्या यादीत अशी वाटणी नाही, तरी मी मनातल्या मनात शोधून पाहिली.

मला वाटलं, आता तरी या बाई काही बोलतील. त्या म्हणाल्या, "नऊ आहेत. सात जणांना मी ओळखत नाही, त्यांना देवळात पोचवते. दोघं माझ्याबरोबर येतील. इचिओ."

मे महिन्यात त्यांनी घर रिकामं केलं. गल्लीतल्या बायकांना लोणच्याच्या बरण्या वाटल्या. आदल्या वर्षी भाताचं पीक बुडालं होतं, दुकानात थायलंडचा लांब तांदूळ आला होता आणि सगळी गल्ली त्याला नाक मुरडत होती. फुमिकोसाननी घरोघर जाऊन तो गोळा केला आणि माझ्या दारात पाच पिशव्या रचल्या, तुमचा तांदूळ म्हणून. कचऱ्याची वही त्यांनी तांदूळवाल्याच्या बायकोला दिली, तीही एक तास समजावून सांगून. जाणार होत्या शिओगामाला, धाकट्या बहिणीच्या घराजवळ, एका खोलीत. मासे साफ करायच्या कारखान्यात कामही मिळवलं होतं. पंचावन्नाव्या वर्षी.

तीन दिवस मी जपानी भाषेत माफीचं भाषण पाठ करत होते. त्या भाषेत माफीच्या पायऱ्या असतात, मी सर्वांत वरची घेतली होती. मालवाहू गाडी दारात लागली. मागे सामान म्हणावं असं थोडंच होतं. फुमिकोसान ड्रायव्हरशेजारी चढून बसल्या होत्या, पहिल्यांदाच अ‍ॅप्रन नव्हता, आणि मांडीवर रेशमी कापडात गुंडाळलेल्या दोन पाट्या, नवऱ्याची आणि सासऱ्यांची. त्यांनी काच खाली केली. मी रस्त्यावर कमरेतून वाकले आणि भाषण सुरू केलं. दुसऱ्या वाक्याला क्रियापद विसरले. मग मोडक्यातोडक्या शब्दांत सांगितलं, की माझ्यामुळे तुमचं घर गेलं, मी तेव्हा सही करायला हवी होती.

ड्रायव्हरने इंजिन सुरू केलं, तर फुमिकोसाननी त्याला हाताने थांबवलं.

"दाते-सान, डोकं वर करा, लोक बघतायत. मी त्यावर शिक्का मारला असता ना, तर रोज सकाळी त्यांना पेज भरवताना माझाच मला संशय आला असता, की ही घरासाठी भरवतेय. आणि वॉर्ड ऑफिसात गुरुवारी वकील बसतो, फुकट सल्ला देतो. मला माहीत होतं. तो खरं सांगेल, म्हणून मी तुमच्याकडे आले."